गुरुवारचे नंदेश्वर सर

नंदेश्वर सर समोरच्याला "जेवण झालं का?" ज्या सुरात विचारत, त्याच सुरात "जीव द्यावा असं वाटते का?" असंही विचारत. आवाज खाली आणणं नाही, खुर्ची जवळ ओढणं नाही, खांद्यावर हात नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, मानसिक आरोग्याच्या विभागात मी नर्स म्हणून रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी हे माझ्या कानावर पडलं. डोकेदुखी घेऊन आलेला एक म्हातारा बाकावर बसला होता. सरांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, आणि मग एकदम हे. माझ्या हातातला बीपीचा पट्टा तसाच राहिला. आता हा बुढा उठून भांडणार, असं मला वाटलं. बुढ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "येते जी विचार कधी कधी. बुढी गेल्यापासून येते. तुमाले कसं समजलं?"

तो गेल्यावर मीच भांडले. माझं तोंड तिखट आहे, आमच्या घरात सगळ्यांचंच आहे. म्हटलं, "सर, असं तोंडावर विचारतात का? उद्या त्यानं खरंच काही केलं तर?" सर शांतपणे खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची पुडी चोळत म्हणाले, "विचारल्यानं कोनाच्या डोक्यात नवीन काही जात नाही, बाई. आधीच बसलं असते तेच बाहेर येते. आपन नाही विचारलं त तो ते घेऊन घरी जाते." मला काही ते पटलं नाही. तुम्ही विचारा, मी तेवढा वेळ बाहेर उभी राहीन, असं मी ठणकावून सांगितलं, आणि पहिला महिनाभर खरोखर बाहेर उभी राहिले.

सर आमच्याकडे समुपदेशक होते. शिक्षण नागपूरला झालेलं, गाव मोहाडी तालुक्यातलं करडी, आणि बोलणं शेवटपर्यंत करडीचंच. उंच, वाळके, शर्टाचं एक बटण कायम दुसऱ्याच काजात. दर गुरुवारी आमची गाडी गावांत जायची. सर पुढे ड्रायव्हरजवळ, मी मागे औषधांच्या खोक्यांत. कुणाच्याही घरी गेले की हा माणूस सरळ चुलीकडे जायचा. "काय रांधलं वो माय आज?" म्हणत भांड्यावरचं झाकण उचलायचा. अहो, काय हा हावरटपणा, असं मला वाटे आणि लाजही वाटे. पुढे लक्षात आलं की ते किती जणांचं शिजलंय ते बघत. एकट्यापुरतं शिजलेलं दिसलं की त्यांची बडबड कमी होई. मग इकडच्या तिकडच्या गप्पांत ते बाकीचं काढून घेत. रात्री घरात सोबत कोण असतं, दारू कधीपासून वाढली, याआधी कधी काही करून पाहिलं होतं का, फवारणीचं औषध कुठं ठेवता. औषध घरात असलं तर ते शेजाऱ्याच्या कुलपात गेल्याशिवाय आमची गाडी त्या गावातून हलत नसे. सरकारी छापील प्रश्नावली सर गाडीत बसून भरत, आणि ड्रायव्हर खड्डे चुकवत नाही म्हणून त्याला शिव्या देत.

"धोका मोजाचा असते तो भ्याले नाही," ते मला म्हणत. "कोनाकडे आठवड्यानं जाचं अन् कोनाकडे उद्याच जाचं, कोनाले निसतं बोलणं पुरते अन् कोनाले डॉक्टरची गोळी लागते, हे समजाले मोजाचा." आणि नुसता धोका मोजून त्यांचं भागत नसे. माणसाला धरून ठेवणारं काय आहे, तेही त्यांना हवं असे. एका म्हातारीला त्यांनी विचारलं, "माय, जावं वाटते म्हणते, मंग कोनासाठी थांबली आजपर्यंत?" म्हातारी बराच विचार करून म्हणाली, "माह्या बकरीसाठी. ते दुसऱ्याच्या हातचं खात नाही." मला खुदकन हसू आलं. सर गाडीत माझ्यावर चिडले. "हसू नोको. बकरी धरून ठेवते माणसाले. तुह्या-माह्या बोलण्यानं थांबली नसती ते." त्या म्हातारीची मुलगी नाकाडोंगरीला दिलेली होती, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिला फोन लावून ती येईपर्यंत सर ओट्यावर बसून राहिले. ड्रायव्हर बडबडला, मी बडबडले. सर बकरीला पाला घालत बसले होते.

खर्ऱ्याचं मात्र कुणी बोललेलं त्यांना चालत नसे, म्हणजे चालायचं, पण उपयोग नसे. व्यसन सोडवायला आलेल्या पोरांना ते गालात खर्रा धरूनच समजावत. एकदा एका पोट्ट्यानं विचारलंच, "सर, तुमीच खाऊन राहिले, मंग आमाले कायले सांगता?" सर म्हणाले, "मले सुटला नाही म्हणूनच सांगतो बावा. सुटला असता त मले काय माहीत राहिलं असतं का किती कठीण आहे?" पोट्टा हसला आणि पुढच्या गुरुवारीही आला. मी सरांच्या खिशातून पुड्या काढून कचऱ्यात टाकत असे. ते काही बोलत नसत, चौकातून नवी आणत.

आता सुखदेवचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय सरांचं काही सांगूनच होत नाही.

सुखदेव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या एका गावचा. मासे धरणारा माणूस. गाव बुडालं, लोकांना पुनर्वसनात घरं मिळाली, सरळ गल्ल्या, एकासारखं एक घर. सुखदेवचं मन काही तिथं लागलं नाही. तो दुपारी धरणाच्या काठावर जाऊन बसे आणि पाण्यात बोट दाखवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "ते तिथं आमचं देऊळ होतं." झोप गेली, दारू वाढली, आणि एकदा त्यानं स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला. वाचला. दवाखान्यातून घरी सोडल्यावर सर दर आठवड्याला त्याच्याकडे जाऊ लागले. त्याची बायको पार्बता. बुटकी, काळी, कमी बोलणारी बाई. एकुलती मुलगी लग्न होऊन नागपूरकडे गेलेली. नवऱ्यानं रात्री उठून जाऊ नये म्हणून पार्बता दाराला आडवी झोपत असे. सरांनी तिला विचारलं होतं, "तू कधी झोपते वो?" तर म्हणाली, "हे झोपले का झोपतो."

डॉक्टरांच्या गोळ्या आणि सरांचं येणं-जाणं यांनी सुखदेव हळूहळू सुधारला. दारू कमी झाली. दिवाळी जवळ आली तशी त्यानं एक नवंच काढलं. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचा नाच रंगतो, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. लेकीबाळी, साळे, भाटवे म्हणजे बहिणींचे नवरे, कुणाला बोलवायचं राहून गेलं तर वर्षभर रुसवा चालतो. गाव बुडाल्यापासून त्यांची मंडई बंद पडली होती. सुखदेव म्हणाला, आपण इथं भरवू. पुनर्वसनातल्या लोकांना हुरूप आला. कुणाची तरी फटफटी घेऊन तो स्वतः प्रत्येक नातेवाइकाकडे आवतण द्यायला गेला. ज्यांच्याशी भांडण होतं त्यांच्याकडेही गेला, पाया पडला. मंडईच्या दिवशी अंगात नवा सदरा. आमच्या दोघांच्या ताटात त्यानं स्वतः कोंबडीचा रस्सा वाढला. भाटव्याला आपलं चांगलं जाळं देऊन टाकलं. "घेऊन जा जी, मले आता कायले लागते?" सगळे म्हणाले, बरं झालं, मागचं सुटलं याच्या डोक्यातून.

सगळ्यांत जास्त खूश सर होते. परत येताना गाडीत गाणं म्हणत होते, आणि त्यांचा आवाज फार वाईट होता. म्हणाले, "आता आठवड्यानं नोको बाई. महिन्यानं आलो तरी चालते." मीही म्हटलं, चालते.

मंडईचे पाहुणे आपापल्या गावी पोचले, आणि सुखदेवनं जीव दिला.

सर दोन दिवस दवाखान्यात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "चाल, पार्बताकडे जाऊ." मी म्हटलं, सर, लोक चिडलेले असतील, थोडं थांबू. ते गाडीत जाऊन बसले. पार्बता भिंतीला टेकून बसली होती. सर तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांदेखत म्हणाले, "पार्बताबाई, मले वाटलं तो बरा झाला. मी चुकलो." पार्बतानं त्यांच्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. एक म्हातारा तेवढा बोलला, "चुकलो म्हणून आता काय होते?" सर म्हणाले, "काही नाही होत, बाबा."

गाडीत मी त्यांच्यावर ओरडले. असं चारचौघांत बोलतात का, उद्या कुणी तक्रार केली तर नोकरी जाईल तुमची, आधीच कंत्राटी. सर बाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "त्यानं सगळ्याईले बोलावलं, बाई. एकालेही सोडलं नाही. जाळं देऊन टाकलं. शिकताना आपल्याले हेच त शिकवते, का मानूस वस्तू वाटून राहिला, सगळ्याईले भेटून राहिला, एकदम हलका दिसून राहिला त सावध व्हा. दुसऱ्या कोनत्याही महिन्यात मी ते पकडलं असतं. पन मंडईत सगळेच तसं करतात. त्यात लपला तो." आणि मग हा एवढा मोठा माणूस डॅशबोर्डवर डोकं ठेवून रडला. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. मी पाठीमागे बसून खोक्यांना धरून रडले.

त्यानंतर सरांनी पार्बताला धरलं. "मागं राहते त्याचा धोका सगळ्यात मोठा," ते म्हणाले, आणि मी तिच्याकडे बघायला लागले तेव्हा मलाही भीती वाटली. घरात एकटी. एका वेळचं रांधायची, तेच दोन वेळा खायची, किंवा नाही खायची. झोप नाही. सरांनी पहिल्याच भेटीत जीव द्यावासा वाटतो का, हे विचारलं तेव्हा ती उत्तर न देता चुलीतली राख काढत राहिली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे नवरा गेल्यावर ती रडली नव्हती. गल्लीतल्या बायांना हे फार लागलं होतं. शेजारची कौसल्या, जिचं घर आणि पार्बताचं घर यांच्यात एकच भिंत, ती मला म्हणाली, "नवरा मेला अन् डोळ्यात टिपूस नाही जी बाईच्या. कायचं काळीज आहे देव जाने. आमी नाही जात तिच्या घरी." अशा मरणाची बायांना भीतीही वाटत होती. हळदीकुंकू तर सोडाच, कुणी तिच्या ओट्यावर टेकतसुद्धा नव्हतं.

सरांनी सगळं केलं. डॉक्टरांना गावात आणून गोळ्या सुरू केल्या. मुलीला बोलावून घेतलं, ती येऊन राहिली, पण तिचंही लेकरू लहान, किती दिवस राहणार? मग सरांनी एक युक्ती काढली. मला म्हणाले, "गुरुवारी तुहं बीपीचं दुकान पार्बताच्या ओट्यावर लाव." गल्लीतल्या बायांना बीपी तपासायचं तर तिथंच यावं लागणार. आल्या. ओट्याच्या कडेला उभ्यानं हात पुढे करत, आकडा ऐकत आणि निघून जात. आत एक बाई वळली नाही. सर कौसल्याच्या घरी जाऊन बसले, विनवलं, "कौसल्याबाई, तुमी रोज एक डाव तिले आवाज द्या. बस, तेवढंच. पार्बता, काय करून राहिली, एवढंच." कौसल्या म्हणाली, पाहू जी. पण हाक तिनं दिली नाही.

सर दर गुरुवारी पार्बताकडे बसत. ती तांदूळ निवडायची, सर बोलायचे, कधी दोघंही गप्प. पावसाळ्यात भाताची रोवणी चालू असताना एकदा सरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "येते विचार. रोजच येते. पन गुरुवारी नाही येत. गुरुवारी तुमी येता." सर बाहेर येऊन ओट्यावर बसले. मला वाटलं, बाई बोलली म्हणून त्यांना आनंद झाला असेल. त्यांचा चेहरा पडलेला होता. "बोलली हे चांगलं झालं," ते म्हणाले, "पन हे काही खरं नाही, बाई. सात दिवसाच्या आठवड्यात एकच मानूस आहे तिच्याजवळ. मी त तिची बकरी होऊन बसलो."

तरीही त्या दिवसापासून ती थोडी हलली. आपण होऊन चार शब्द बोलू लागली. आणि आम्ही दवाखान्यातली माणसं रोज सरांचं तोंड बघत असताना जे आम्हाला दिसलं नाही, ते तिला दिसलं. "सर, तुमचा गाल काहून सुजला?" सर म्हणाले, दाढ आहे. दोन गुरुवार दाढ होती. तिसऱ्या गुरुवारी पार्बता मला म्हणाली, "सिस्टर, दाढ नाही ते. त्याईले भाकर चावता येत नाही. तुमी पाहा." मी गाडीतच सरांना तोंड उघडायला लावलं. ते पुरतं उघडतच नव्हतं. मी टॉर्च मारला आणि बंद केला. सर म्हणाले, "समजलं मले. तू नोको बोलू." मी बोलले. जे जे तोंडाला आलं ते बोलले, खर्रा बनवणाऱ्यापासून सरांच्या अकलेपर्यंत कुणाला सोडलं नाही. त्यांनी खिशातली पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. आता ठेवून काय उपयोग होता?

नागपूरला ऑपरेशन झालं. जबड्याचा एक भाग गेला, बोलणं जाडं झालं, समजून घ्यावं लागे. सरांनी तोंडाला पांढरा रुमाल बांधला आणि रजा संपायच्या आत गुरुवारच्या गाडीत येऊन बसले. डॉक्टर रागावले, सरांची बायको मला फोन करून रागावली, जणू मीच त्यांना ओढून नेत होते. पार्बता गुरुवारी त्यांच्यासाठी तांदळाची पातळ पेज करून ठेवू लागली. गाळून, मिठाची कणी घालून, वाटीत निववून. सर रुमाल वर करून चमच्यानं पीत आणि अर्धी अंगावर सांडत. ती आपल्या पदरानं पुसत असे. मी एकदा म्हटलं, "बघा, आता ती तुमच्यासाठी रांधते. सुधरली की नाही?" सरांनी मान हलवली. त्यांच्या त्या जाड बोलण्यात मला एकेक शब्द ऐकू आला. "तिचा धोका कमी नाही झाला. तिनं मले धरून ठेवलं, बाई. अन् मी त चाललो."

दुखणं परत आलं ते लवकरच. आता सर करडीलाच घरी होते. मी दर रविवारी जायची. गुरुवारी पुनर्वसनात एकटी जायची, पेज केलेली असायची, पार्बता विचारायची, "सर कवा येते?" मी म्हणायची, येतील. सरांना हे कळलं तेव्हा ते संतापले. पाटीवर लिहून दाखवलं, "खोटं सांगू नोको. सांग का दुखणं जास्त आहे." मी सांगितलं. पार्बतानं ऐकलं, वाटी उचलून आत नेली, आणि त्या दिवसापासून पुन्हा गप्प झाली. पुढच्या गुरुवारी चूल पेटलेली नव्हती. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मुलगी येऊन चार दिवस राहून गेली, मी मधल्या वारीही माझ्या सुटीत बसनं जाऊन यायला लागले. तरी घरी परतल्यावर माझा जीव थाऱ्यावर नसे.

शेवटच्या रविवारी सरांना पाटीही धरवत नव्हती. मला कान जवळ आणायची खूण केली. खोलीत त्यांची बायको होती, तिनं तोंड फिरवलं. बहुतेक तिला आधी सांगून ठेवलं असावं. सर म्हणाले, "मी गेलो का मयतीले येऊ नोको. पार्बताकडे जा. तिनं दुसऱ्या कोनाकडून ऐकाच्या आधी." मला एकदम राग आला. म्हटलं, "सर, हे जमणार नाही. मला तुमचं शेवटचं दर्शन घ्यायचंय, मी तुमची कुणीच नाही का?" त्यांनी माझं मनगट धरलं. हातात जोर काही नव्हता, पण सोडलं नाही. शेवटी मी म्हटलं, जाईन. रडत, चिडत म्हटलं. रागातच त्यांच्या पाया पडले आणि निघाले.

सकाळी फोन आला. त्यांच्या बायकोनं एवढंच सांगितलं, "गेले. दुपारी उचलतील." तासाभरात मी भंडाऱ्याच्या बसस्टँडवर उभी होते. करडी एकीकडे, पुनर्वसन बरोबर उलट्या दिशेला, पवनीकडे. दोन्ही ठिकाणी वेळेत पोचणं शक्य नव्हतं. करडीकडची गाडी समोरच लागली होती, कंडक्टर ओरडत होता. त्या गाडीत आमच्या दवाखान्याचे लोक चढताना दिसले, पांढऱ्या कपड्यांत, हार घेऊन. आमच्या गुरुवारच्या गाडीच्या ड्रायव्हरनं मला हाक मारली, चला सिस्टर. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. मी पवनीकडच्या गाडीत बसले आणि रस्ताभर सरांना शिव्या देत राहिले.

पार्बता दारात भांडी घासत होती. गुरुवार नव्हता, सोबत गाडी नव्हती. तिनं मला गल्लीच्या टोकाला पाहिलं आणि हातातलं भांडं पाण्यात सोडलं. मी जवळ जाईपर्यंत ती उभी राहिली होती.

"सर गेले?"

मी मान हलवली.

"मयत कुठं आहे?"

"करडीला. दुपारी नेतील."

"मंग तुमी इकडं काहून आल्या?"

मला खोटं सुचलं नाही. "सरांनी सांगितलं होतं. मयतीला येऊ नको, आधी पार्बताकडे जा म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिचा दंड धरला. "मरता मरता?" ती म्हणाली. "मरता मरता माही काळजी करून राहिले होते?" आणि खाली बसली. मग तिच्या छातीतून जो आवाज निघाला, तो मी नोकरीत इतकी वर्षं काढूनही कधी ऐकला नव्हता. "अवो माय, माहा बाप गेला वो! मले सोडून गेला वो! अवो, सगळेच गेले वो माय!" जमिनीवर हात आपटत, बांगड्या नसलेले ते हात, ती मोठमोठ्यानं आक्रोश करू लागली. सरांचं नाव घेत होती, सुखदेवचं घेत होती, पाण्यात गेलेल्या घराचं घेत होती. मी तिला धरायला गेले, तर मलाच रडू आवरेना.

गल्ली थांबली. दारं उघडली. कौसल्या पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली. "काय झालं वो? कोन गेलं?" मी म्हटलं, आमचे सर. तोंडाला रुमाल बांधून येणारे. कौसल्या ओट्याच्या कडेशी उभी राहिली, जिथं उभं राहून ती बीपी तपासून घेत असे. मग वर चढली, पार्बताजवळ बसली, आणि पिठाच्या हातांनी तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "रड माय, रड," ती म्हणाली. "मोकळी हो. आता रड." तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग पलीकडची म्हातारी आली, मग समोरच्या दोघी. ओटा भरला तशा बाया आत गेल्या आणि भिंतीला लागून बसल्या. सरांसाठी किती जणी रडत होत्या आणि आपापल्या माणसांसाठी किती, मला सांगता येणार नाही. बुडालेल्या गावातली कुणाकुणाची नावं निघत होती. एकीनं कुणाला न विचारता चूल पेटवली आणि चहाचं आधण ठेवलं.

बऱ्याच वेळानं कौसल्याच मला म्हणाली, "सिस्टर, तुमी जा आता. पोचले तर पोचले. आमी आहो इथं." मी पार्बताकडे बघितलं. मी जावं की जाऊ नये, हे ठरवायला माझ्याकडे त्या घडीला कुठलंच शिक्षण शिल्लक नव्हतं. ती कौसल्याच्या मांडीवरून उठली, माझ्या दोन्ही हातांना धरून म्हणाली, "जा वो बाई. माह्याकडून त्याईच्या पाया पडजा." मी कौसल्याला बाजूला घेऊन विचारलं, आज रात्री तिच्याजवळ कोण झोपणार? "मी झोपतो," ती म्हणाली, "अन् उद्याबी मीच. जा तुमी."

करडीला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. लोक स्मशानातून परतत होते. त्रिशरण-पंचशील होऊन गेलं होतं, आणि आमचे दवाखान्याचे लोक माझ्याशी न बोलता बाजूनं गेले. सरांची बायको तेवढी थांबली. तिनं विचारलं, "होऊन आली?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "जा, त्याईले सांग मंग."

चिता अजून धगधगत होती, जवळ जाता येत नव्हतं. मी जाता येईल तेवढी जवळ गेले, खाली वाकून पार्बताचा आणि माझा असे दोन नमस्कार केले, आणि मोठ्यानं सांगितलं, "सर, घर बायांनी भरलंय. आज ती एकटी नाही."